नेब्युलायझरची ‘वाफ’ नाकाने घ्यायची की तोंडाने?

तुमचा प्रश्न असा आहे: सासूबाईंना दम्यासाठी डॉक्टरांनी घरी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं बारीक धुकं करणारं मशीन, लावायला सांगितलं. मशीन आणलं, मास्क लावला, पण श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने हे विचारायचं राहून गेलं. योगवर्गाच्या बाई म्हणतात श्वास कायम नाकानेच घ्यावा, शेजारी म्हणतात तोंडाने. आणि इतके दिवस नाकाने घेतलं असेल तर औषध वाया गेलं का?

तोंडाने घ्यायचा. औषध छातीत पोचवायचंय, म्हणून तोंडाने. आणि जमत असेल तर मास्क बाजूला ठेवून माउथपीस, म्हणजे तोंडात धरायची छोटी नळी, वापरायचा. नाकाने घेतलेलं सगळंच वाया जात नाही, पण मोठ्या माणसात नाकाने घेतल्यावर फुफ्फुसात पोचणारं औषध निम्म्यावर येऊ शकतं. दिवसातून तीन-तीन वेळा मशीन लावणाऱ्या माणसासाठी हे नुकसान लहान नाही.

माझं अमळनेर तालुक्यात मेडिकल आहे. फार्मसिस्ट म्हणून अठरा वर्षं काउंटरवर उभा आहे, बरीच मशीनं माझ्या हातून लोकांच्या घरी गेली. तरी ही गोष्ट मला कळली ती माझ्या मायच्या छातीवरून, आणि उशिरा कळली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मायने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या, आणि स्वयंपाकघराला धूर जायला एक हातभर झरोका. साठीला आली तशी ओट्याच्या दोन पायऱ्या चढली तरी म्हणायची, ‘माले दम लागस.’ डॉक्टरांनी तपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितला. लेव्होसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम ही श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं एकत्र असलेली रेस्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी, दिवसातून तीनदा, आणि सूज कमी करणारं ब्युडेसोनाइड दोनदा. मशीन मी माझ्याच दुकानातून घरी नेलं. कपात औषध ओतलं, मास्क तिच्या तोंडावर बांधला आणि म्हणालो, ‘माय, आता शांतपणे वाफ घे.’

तीन महिने गेले आणि फरक जेमतेम. डॉक्टरांनी औषध बदललं, मात्रा वाढवली. मी मनात म्हणत होतो, वय झालं, फुफ्फुसं धुरानं खाल्लीत, आता एवढंच व्हायचं. मग एका थंडीत ती फारच बिघडली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे रात्रपाळीच्या एका सिस्टरने मास्क काढून टी-आकाराची नळी आणि माउथपीस लावला. दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि मला म्हणाली, ‘दादा, आजी नाकाने ओढताहेत. नळीच्या मागच्या तोंडाकडे बघा.’ मी बघितलं. माय श्वास आत घेत होती, छाती वर येत होती, पण नळीच्या उघड्या टोकातून धुक्याची धार जशीच्या तशी बाहेर पडत होती. एकदाही थांबत नव्हती. श्वास तोंडातून आत गेला असता तर ती धार प्रत्येक श्वासाला आत ओढली गेली असती.

सिस्टरने तिला ओठ घट्ट मिटायला आणि नळीतून ‘उसाचा रस ओढल्यासारखं, पण हळू’ ओढायला शिकवलं. दुसऱ्या मिनिटाला मायने नळी काढून तोंड वाकडं केलं: ‘हाऊ धूर कडू लागस रे भाऊ.’ इप्राट्रोपियम कडू असतं. तीन महिन्यांत एकदाही तिने कडू लागल्याची तक्रार केली नव्हती, आणि मलाही ते खटकलं नव्हतं. मी फार्मसिस्ट. खटकायला हवं होतं.

घोटाळा कुठे झाला हे मी नंतर फार शोधलं, आणि तो ‘वाफ’ या शब्दात सापडला. आपल्याकडे सर्दी झाली की पातेल्यात पाणी उकळायचं, डोक्यावर टॉवेल घ्यायचा आणि नाकाने वाफ ओढायची. तिथे नाकच मोकळं करायचं असतं, म्हणून ते बरोबर. मायला लहानपणापासून हीच वाफ ठाऊक. मी तिला ‘वाफ घे’ म्हणालो आणि तिने तोंड मिटून इमानेइतबारे नाकाने ओढली. चूक तिची नव्हती, शब्द माझा होता. नेब्युलायझरमधून निघतं ते वाफ नाहीच. ते गरम नसतं, पाणी उकळून झालेलं नसतं. ते औषधाच्या बारीक थेंबांचं गार धुकं आहे. तेव्हापासून काउंटरवर मी ‘वाफेचं मशीन’ म्हणणं सोडलं, ‘छातीचं औषध तोंडाने ओढायचं मशीन’ म्हणतो. लांबलचक वाटतं, पण ऐकणारा चुकत नाही.

ते थेंब कसे होतात ते खान्देशातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. केळीच्या ठिबकला विद्राव्य खत सोडायला पाइपला व्हेंच्युरी लावतात, ती तुम्ही पाहिली असेल. पाण्याचा जोराचा प्रवाह अरुंद जागेतून गेला की तिथला दाब उतरतो आणि बादलीतलं खत आपोआप वर खेचलं जातं. नेब्युलायझरच्या कपात हेच होतं, फक्त पाण्याच्या जागी हवा असते. कॉम्प्रेसरची हवा बारीक छिद्रातून सुटते, खालचं औषध वर खेचलं जातं आणि हवेच्या माऱ्याने फुटून थेंब होतात. समोर एक छोटा अडथळा असतो, त्यावर मोठे थेंब आपटून परत कपात पडतात आणि बारीक तेवढे नळीत जातात.

हे बारीक थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तर फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जातात. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. १० मायक्रॉनच्या पुढचे थेंब नाकातोंडात नि घशातच बसतात. कोणत्याही मशीनमधून सगळे थेंब एका मापाचे निघत नाहीत, लहानमोठे मिसळून येतात.

आता नाकाचं काम बघा. नाक म्हणजे सरळ नळी नाही. आत केस आहेत, आडव्या घड्या आहेत, वळणं आहेत आणि सगळीकडे चिकट ओलावा. हवा वळते, पण तिच्यातले जड कण वळू शकत नाहीत, भिंतीवर आपटून चिकटतात. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने संध्याकाळी नाक शिंकरलं की काळपट कापूस निघतो, तो याच व्यवस्थेमुळे. नाकाने तो आत जाऊ दिला नाही. पण नाकाला कपाशीची धूळ कोणती आणि औषध कोणतं हे कळत नाही. आपण महागाचं औषध थेंब करून त्याच्या पुढ्यात आणलं की तो राखणदार तेही अडवतो. तोंडाची वाट रुंद आहे, घशात एक मोठं वळण सोडलं तर सरळ आहे, म्हणून तिथून जास्त थेंब खाली उतरतात.

तुम्ही विचाराल, मग नाक इतकं चोख असताना चुलीचा धूर मायच्या छातीत गेलाच कसा? हाच प्रश्न मला कित्येक रात्री छळत होता. चुलीच्या धुरातले बरेचसे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते हवेबरोबर वळतात, नाकाला चकवून थेट खोल जातात. औषधाचे थेंब त्यांच्याहून मोठे, म्हणून तेच नाकात अडकतात. विष आत गेलं आणि औषध दारात अडलं.

योगवर्गाच्या बाईंचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांना तसं सांगूही नका. दिवसभराचा श्वास नाकानेच घ्यावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा नाक त्या हवेला ओलावा देऊन आत सोडतं. थंडीत तेच नाक हवा ऊबदार करतं. दम्याच्या माणसाला तर कोरडी, गार हवा तोंडावाटे थेट गेली की खोकल्याची उबळ येते. प्राणायाम नाकाने, चालणं-फिरणं नाकाने. फक्त मशीन चालू असतानाची ती सात-दहा मिनिटं तोंडाने. मशीन बंद झालं की परत नाक.

सासूबाईंसाठी मी काय करेन ते सांगतो. पलंगावर आडवं पडून घेऊ देऊ नका, खुर्चीत ताठ बसवा, कप उभा राहील असा धरायला लावा, कारण कप आडवा झाला की औषध वर खेचलं जात नाही. त्यांना माउथपीस धरता येत असेल तर तोच द्या. बहुतेक किटमध्ये तो मास्कबरोबरच येतो आणि घरोघरी पिशवीतच पडून राहतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. माउथपीस दातांच्या मध्ये, जीभ त्याच्या खाली, ओठ भोवतीने मिटलेले. श्वास हळू, नेहमीसारखा. अधूनमधून एखादा खोल घेऊन दोन-चार सेकंद धरला तर चांगलं. जोरात, भराभर ओढू नये. वेगाने ओढलेले थेंब घशावर आपटतात आणि वर चक्कर येते, हातपाय मुंग्यावतात. बऱ्याच जणांना वाटतं जितकं जोरात तितकं औषध जास्त. इथे उलट आहे.

नाक बंद करायचा चिमटा लागतो का, असं काही जण विचारतात. बहुतेकांना लागत नाही. मायला पहिले दोन दिवस मी दोन बोटांनी हलकेच नाक धरून सवय लावली, नंतर गरज पडली नाही. पण दम फार लागलेला असताना कोणाचं नाक दाबून धरू नका, माणूस घाबरतो.

मास्कच वापरायचा असेल, म्हणजे हात थरथरतात, दात नाहीत, ओठ मिटत नाहीत, किंवा दम इतका लागलाय की नळी धरवत नाही, तर मास्क चेहऱ्याला नीट बसलेला हवा आणि आत तोंड किंचित उघडं हवं. मास्कमध्ये ती धुक्याची खूण कामाची नाही, कारण नाकाने ओढलं तरी धुकं आत जाताना दिसतं. मास्कमध्ये ओठ बघायचे. मिटलेले असतील तर हळूच आठवण करायची. मास्क सैल असला की धुकं वर डोळ्यांकडे जातं. इप्राट्रोपियम डोळ्यात गेलं तर नजर धूसर होते, बाहुली मोठी होते, आणि काचबिंदू असलेल्याला ते धोक्याचं ठरू शकतं. सासूबाईंना काचबिंदू असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा आणि माउथपीसच मागा. ब्युडेसोनाइड असेल तर झाल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. मास्कने घेतलं असेल तर चेहराही धुवायचा.

घरात लहान मूल असेल आणि त्यालाही कधी हे मशीन लागत असेल तर हिशोब वेगळा. तान्हं बाळ पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्याला ‘तोंडाने घे’ सांगण्यात अर्थ नाही. तिथे नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, त्याच्या मापाचा मास्कच योग्य. चूक होते ती दुसरीकडे. मूल रडतं म्हणून आई मास्क लांब धरते आणि धुकं नुसतं तोंडापुढे सोडते. मास्क एक सेंटिमीटर जरी दूर राहिला तरी आत जाणारं औषध जवळपास निम्मं होतं, आणखी लांब धरलं तर फार थोडं उरतं. दाबून धरलं आणि मूल रडतच राहिलं तरी उपयोग नाही. रडताना श्वास लांब बाहेर जातो आणि मध्येच झटक्याने आत येतो, थेंब घशात बसून गिळले जातात. आमच्या भागात ‘रडलं की खोल श्वास घेतं, औषध चांगलं जातं’ असं छातीठोक सांगतात. ते खरं नाही. मांडीवर बसवा, मोबाइलवर गाणं लावा, आधी मास्क हातात खेळायला द्या, पण शांत झाल्यावरच द्या.

थोडं कपाबद्दल, कारण नाक-तोंड बरोबर करूनही औषध इथे हरवतं. फुरफुर आवाज येऊ लागला की कपाला टिचकी मारा, भिंतीवरचे थेंब खाली येतात. शेवटी साधारण १ मिली औषध कपात उरतंच. २ मिलीची रेस्प्यूल एकटीच घातली तर त्यातलं बरंच तसंच राहतं. म्हणून काही डॉक्टर नॉर्मल सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, घालून ३-४ मिली करायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच करा. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी कपात कधीही घालू नका. निलगिरीचं तेल, कापूर, बाम तर अजिबात नाही. तेलाचे थेंब फुफ्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा आजार होतो. ‘भाऊ, दोन थेंब टाकले तर काय होतं’ म्हणणारी माणसं महिन्याला एक तरी येतात, म्हणून लिहितोय.

प्रत्येक वेळेनंतर कप आणि माउथपीस धुऊन स्वच्छ फडक्यावर हवेत वाळू द्या. ओला कप झाकून ठेवला की त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेही छातीत जातात. मास्क आणि माउथपीस एका माणसाचा दुसऱ्याला देऊ नका, अगदी घरातल्या घरातही. आणि नातवाला साधी सर्दी झाली म्हणून सासूबाईंची रेस्प्यूल त्याच्या कपात ओतू नका.

अजून एक गोष्ट विचारून घ्या. खेड्यात रात्री वीज जाते आणि दम नेमका पहाटे वाढतो. मायच्या बाबतीत दोनदा असं झालं, मशीन समोर आणि लाइट नाही. त्यानंतर डॉक्टरांनी पंप आणि स्पेसर लिहून दिला. पंप म्हणजे दाबायचा इनहेलर, स्पेसर म्हणजे त्याला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. नीट शिकून घेतलं तर बहुतेक वेळा त्याने मशीनइतकंच काम होतं आणि वीज लागत नाही. तोही तोंडानेच. एक पफ दाबायचा, हळू ओढायचा, जमेल तसा दहा सेकंदांपर्यंत श्वास धरायचा. धरणं जमत नसेल तर स्पेसरमध्येच पाच-सहा साधे श्वास. पण कॅप्सूल टोचून घ्यायचं पावडरचं इनहेलर कोणी दिलं तर तिथे पद्धत बदलते: ती पावडर तुमच्या श्वासाच्या जोरावरच उडते, म्हणून तो श्वास जोरात आणि खोल लागतो. एकाच घरात तिन्ही साधनं असली की माणसं एकाची पद्धत दुसऱ्याला लावतात. माय आता स्पेसर हळू ओढते आणि मशीन त्याहून हळू. पावडरचं साधन तिला झेपलं नाही, तेवढा जोर तिच्या छातीत राहिलेला नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. आजवर नाकाने गेलेल्या औषधाने नुकसान झालं नसेल, कमी पोचलं असेल. पण आता तोंडाने नीट पोचू लागलं की हात किंचित थरथरणं, धडधड वाढणं असं दिसू शकतं, कारण तीच मात्रा आता जास्त प्रमाणात आत जाते. असं झालं तर स्वतः औषध बंद करू नका, डॉक्टरांना ‘आधी नाकाने घेत होत्या, आता तोंडाने घेतात’ हे वाक्य जसंच्या तसं सांगा. मायची वाढवलेली मात्रा नंतर याच कारणाने खाली आली.

आणि कधी मशीन लावूनही एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तासा-दोन तासांत परत मशीन लागत असेल, तर घरी बसून तिसरी रेस्प्यूल फोडू नका. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत बसतं ठेवा.

सासूबाईंच्या रेस्प्यूलवर काय नाव लिहिलंय आणि मशीन हवेचं, आवाज करणारं आहे की बिनआवाजाचं, हे खाली लिहिलंत तर बरं होईल. ब्युडेसोनाइड असेल तर ते हलवून घालावं लागतं आणि अल्ट्रासोनिक, म्हणजे हवेऐवजी ध्वनिकंपनांनी धुकं करणाऱ्या, मशीनमध्ये ते चालत नाही, म्हणून विचारतोय.